अनुदान जमिनीला की कसणाऱ्याला?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



शेतीला सरकारने साहाय्य द्यावे ही समाजवाद्यांची जुनी मागणी आहे आणि ती न्याय्यच आहे. परंतु ते साहाय्य कोणाच्या हाती पडते, हा प्रश्न त्या मागणीइतकाच महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील आर्कान्सा राज्याच्या पॉइन्सेट या ग्रामीण काउंटीने तो नव्वद वर्षांपूर्वीच उघडा केला.

मंदीत कापसाचे भाव कोसळले. १९३३ मध्ये रूझवेल्ट सरकारने कायदा करून, पेरा कमी करणाऱ्यास रोख रक्कम देऊ केली. त्या उन्हाळ्यात सुमारे १ कोटी एकर उभा कापूस नांगरून टाकण्यात आला. लोकांच्या अंगावर धड वस्त्र नसताना कापूस गाडण्याबद्दल पैसे मिळावेत, ही विसंगती क्षणभर बाजूला ठेवली, तरी वाटपातील अन्याय उरतोच. १९३४ च्या करारातील दर पाहिले तर पौंडामागे ४ सेंट जमीनमालकास आणि अर्धा सेंट अर्धेलीने कसणाऱ्या कुळास. तो अर्धा सेंटही पुष्कळदा मालकाच्या दुकानातील उधारीत वळता होई. पेरा घटल्यावर कुळांची गरजही घटली. 'शक्यतो' कुळांची संख्या कायम ठेवावी, असे कलम करारात होते. पण या 'शक्यतो'चा अर्थ लावणाऱ्या स्थानिक समित्या मळेवाल्यांच्याच मुठीत होत्या. कुळे हाकलली गेली. सरकारी पैशातून पुढे ट्रॅक्टर आले.

याच काउंटीतील टायरोन्झा गावाजवळच्या एका शाळेत जुलै १९३४ मध्ये ११ गोरे आणि ७ कृष्णवर्णीय एकत्र बसले आणि कुळांची संघटना स्थापन झाली. दोन वर्णांच्या दोन संघटना न करता एकच करायची, असे ठरले; त्या काळच्या दक्षिणेत हे धाडसच होते. पुढाकार घेणारे एच. एल. मिचेल हे कपडे धुलाईचे दुकानदार आणि क्ले ईस्ट पेट्रोलपंपवाले. दोघेही समाजवादी. पक्षाचे नेते नॉर्मन थॉमस यांनी त्यांना संघटनेचा सल्ला दिला होता. तिकडे वॉशिंग्टनमध्ये, आहेत तीच कुळे ठेवली पाहिजेत असा अर्थ लावणाऱ्या सरकारी वकिलांना फेब्रुवारी १९३५ मध्ये घरी पाठवण्यात आले. कृषिमंत्री वॉलेस पुरोगामी गणले जात. तरीही त्यांनी ते होऊ दिले.

तेथील अनुदानाचा ओढा आजही जमिनीकडेच आहे. २०१८ च्या कायद्याने तर 'शेतकरी कुटुंबा'त चुलत-मामे भावंडे, पुतणे आणि भाचेही घेतले. प्रत्येकाच्या नावे स्वतंत्र मर्यादा! कायद्याला आप्तस्वकीयांचा असा कळवळा यावा, हे नवलच.

मात्र अमेरिकेला हसण्याचा अधिकार महाराष्ट्राला नाही. २०१९ पासून केंद्राच्या किसान सन्मान योजनेचे वर्षाला ६००० रुपये आणि २०२३ पासून राज्याचे आणखी ६००० रुपये, हे दोन्ही जमीनधारकाच्याच खात्यात जातात. बटाईने वा खंडाने कसणाऱ्याचा करार कूळकायद्याच्या भीतीने तोंडीच राहतो. सातबाऱ्यावर मालक म्हणून नाव नाही, म्हणून त्याला अनुदानही नाही. शेतमजूर बाई तर या हिशेबात कोठेच नाही. अनुदानवाढीच्या प्रत्येक मोर्चात, कसणाऱ्याची गावनिहाय नोंद ग्रामसभेसमोर व्हावी आणि रकमेचा वाटा त्या नोंदीप्रमाणे मिळावा, ही मागणी पहिल्या क्रमांकावर असली पाहिजे. तिला पहिला विरोध गावातील बागायतदाराकडून होईल, आणि तो कदाचित पक्षाचा सभासदही असेल.