पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थिनी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



या वयात मी पदवीचा अभ्यास करते, याचे आपणांस हसू येते. प्रथम मलाही आले. पण रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनात १९०९ पासून संसारी, प्रौढ बायका शिकल्याच ना?

पाबळहून रोज पुण्यास जाणे मला जमणारे नव्हते. म्हणून १९८५ साली स्थापन झालेल्या इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठात समाजकार्याच्या पदवीसाठी नाव घातले. नुसती पुस्तके वाचून तेथे भागत नाही. क्षेत्रकार्यही करावे लागते. लोकांकडे जायचे, ऐकायचे, वहीत लिहायचे. मला वाटले, हे तर मी मंडळात पंधरा वर्षे करीतच आहे!

पहिल्या अहवालात मी लिहिले, “बाईंना समजावून सांगितले.” मार्गदर्शक बाईंनी खाली तांबड्या शाईने विचारले, “बाई काय म्हणाल्या?” मला उत्तर देता येईना.

त्या रात्री झोप लागली नाही. काही वर्षांपूर्वी सासरहून निघून आलेल्या एका मुलीला चार शब्द सांगून मी परत धाडले होते. आपण सर्वांनी माझे कौतुकही केले होते. ती का आली, हे मात्र मी विचारले नव्हते.

मागल्या महिन्यात तिच्याकडे गेले. तिने चहा ठेवला, दार लोटून घेतले आणि मग बोलू लागली. दोन तास मी गप्प होते. ती काय म्हणाली, ते येथे सांगणार नाही. तशी मुभा तिने दिलेली नाही. पुढच्या सभेला मात्र येते म्हणाली आहे.