किशोरवयातील मनाचे दुखणे
(मंडळाच्या विद्यार्थी–पालक मेळाव्यातील भाषण)



७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांनी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये प्रवेश घेतला. २०१७ पासून राज्यात तो विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी आपण त्यांच्या विद्वत्तेविषयी भरभरून बोलतो. त्या लहान मुलाच्या मनाविषयी मात्र कोणी बोलत नाही. वर्गात वेगळ्या गोणपाटावर बसणे रोजचेच होते. १९०१ साली वडिलांना भेटायला निघालेली ही मुले मसूर स्टेशनवर उतरली आणि जात कळताच स्टेशनमास्तर दूर सरला. रात्रीच्या बैलगाडीच्या प्रवासात डबा जवळ असूनही पाणी न मिळाल्याने मुले उपाशी राहिली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये बाबासाहेबांनी हे लिहिले तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. नवव्या वर्षीची ती जखम तरीही ताजी होती.

मनाच्या आजारांपैकी सुमारे निम्मे चौदाव्या वर्षाच्या आत सुरू होतात. २०१५–१६ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वयाच्या दर शंभरांत सुमारे सात जणांना असा काही त्रास आढळला. साठ मुलांच्या वर्गात चार तरी मुले झाली.

आमच्या अभ्यासिकेतील एका मुलाची हकिकत सांगतो. दहावीला चांगले गुण मिळवून तो खेड्यातून सांगलीला अकरावी सायन्सला आला. दिवाळीनंतर त्याचे पोट दुखू लागले. झोप येईना, साध्या बोलण्यावर तो चिडू लागला. वर्गात कोणी तरी त्याला ‘सवलतीवाला’ म्हटले होते, हे आम्हांस फार उशिरा कळले. आम्ही त्याला आळशी समजून चारचौघांत बोललो. आईने देवऋषी गाठला. दोरा झाला, लिंबू झाले, कोंबडेही गेले. (सभेला येणाऱ्या आपल्याच घरांतून हे अजून घडते, ते उगाच झाकू नये.)

शेवटी मंडळातील एका निवृत्त परिचारिका ताईंनी त्याला सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभागात नेले. डॉक्टरांनी सरळ विचारले, “मरून जावे असे वाटते का?” आम्ही घाबरलो. असे विचारल्याने मुलाच्या डोक्यात नको ते भरेल, असे आम्हांस वाटले. तसे होत नाही. विचारल्याने मूल मोकळे होते. तो रडला. घरी फवारणीचे औषध कोठे ठेवतात, ते त्याने पाहून ठेवले होते. डॉक्टरांनी गोळ्या लिहिण्याआधी वडिलांना ते कुलपात ठेवायला सांगितले. ऊस–द्राक्षाच्या आपल्या भागात, पालकहो, आज घरी गेल्यावर करायचे पहिले काम हेच. तो अविचार बहुधा थोड्या वेळाचा असतो. तेवढ्या वेळात बाटली हाती लागू नये.

गोळ्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात. पंधरा दिवसांत फरक दिसेना, तेव्हा वडील म्हणाले, “बंद करा.” आम्ही त्यांना कसेबसे थोपवले. मुलाचे एक वर्ष गेले, मुलगा राहिला.

सगळ्याच घरी असे घडत नाही. जून २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यातच, नीटच्या सराव परीक्षेत गुण कमी पडले म्हणून वडिलांनी केलेल्या मारहाणीत एका मुलीचा जीव गेला. वडील शिक्षणक्षेत्रातलेच होते. यावर आम्ही काय बोलावे!

परीक्षेच्या आदल्या दिवशी मूल उदास असले तर तो आजार नव्हे. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ मन खिन्न किंवा चिडके, झोप आणि भूक बिघडलेली, शाळेला जाणे टाळणे, मित्र तोडणे, तपासून कारण न सापडणारी डोके–पोटदुखी, स्वतःला इजा करणे, “मी नसलेलाच बरा” अशी बोलणी यांतले काही दिसले तर वाट पाहू नये. मरणाचे बोलणे निघाले तर एक दिवसही थांबू नये आणि मुलाला एकटे सोडू नये.

साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे जाता येते. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९९१ साली ‘परिवर्तन’ ही व्यसनमुक्तीची संस्था उभी केली, ती पुढे मनाच्या आजारांकडेही वळली. एवढ्या लांब जाणे होत नसेल, तर ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवावा. तो मोफत आहे, रात्रीही चालतो, मराठीतून बोलता येते. घरातच मारहाण होत असेल तर मुलांनी १०९८ लावावा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असेच धरले जाते, त्याला शिक्षा होत नाही. तेव्हा पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नये. मुलीच्या बाबतीत “पुढे लग्न कसे जमणार” म्हणून लपवतात. लपवल्याने आजार वाढतो, आणि लग्नानंतर तिला तो सासरी एकटीने सोसावा लागतो.

विद्यार्थी मित्रांनो, मित्राने तुम्हांला “कोणाला सांगू नकोस” म्हणून मरणाचे काही सांगितले, तर ते गुपित पाळू नका. त्याच दिवशी एका मोठ्या माणसाला सांगा. मित्र रुसेल, रुसू द्या.

सभेत उभे राहून विचारणे अवघड असते. दाराशी पुठ्ठ्याची पेटी ठेवली आहे, शेजारी कागद आणि पेन्सिली आहेत. चिठ्ठीवर नाव लिहू नये. परिचारिका ताई चहा होईपर्यंत मागच्या खोलीत बसणार आहेत.