दौंडला इंजिन फिरतं

बाहेरगावाहून आलेली शास्त्रज्ञ मंडळी, पशुवैद्यक, शिरूर-दौंडचे प्राध्यापक आणि सकाळची धार काढून वेळेत पोचलेल्या दूध उत्पादक बंधू-भगिनींनो,

घोडनदीत आपलं मनापासून स्वागत. शिरूर हे नाव कागदोपत्री. जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात.

पत्रिका वाटायला गेलो, तर डेअरीच्या कट्ट्यावर एकानं विचारलं, "तंतुकणिका म्हणजे काय, अन् तिची परिषद आपल्याकडं कशापायी?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर शाळेच्या पुस्तकात मिळालं: पेशीचं ऊर्जाकेंद्र, इंग्रजीत मायटोकाँड्रिया. दुसऱ्याचं मात्र गोठ्यात सापडलं. तेवढं सांगतो आणि बसतो.

दौंडहून पुण्याकडे निघालं की उरुळी कांचन लागतं. तिथं १९६७ साली मणिभाई देसाईंनी बायफ ही संस्था उभी केली. पुढं कृत्रिम रेतन दारात आलं, खिलारीच्या शेजारी जर्शी बांधली गेली, मग एचएफ. दूध वाढलं, पोरांच्या फिया त्याच दुधावर भरल्या. तक्रार नाही. पण थायलेरिया ॲन्युलाटा नावाचा जीव हायलोमा जातीच्या गोचिडातून इथल्या जनावरांत फिरत होता. देशी गाय त्याला बऱ्यापैकी सोसायची. संकरित गाय सोसत नाही. गोचीड ताप म्हणजे काय हे इथं कुणाला सांगायला नको. अंग भट्टीसारखं तापतं, खांद्यापुढची गाठ फुगते, दूध तुटतं. हा जीव गायीच्या पांढऱ्या पेशीत शिरतो आणि तिला कर्करोगासारखं वाढत राहायला लावतो. पेशी दुभागली की हाही दोन्हीकडे वाटला जातो. भाडेकरूनं घरमालकालाच नवीन खोल्या बांधायला लावाव्यात, तसलं हे काम.

यावर बुपार्वाक्वोनचं इंजेक्शन आहे. आपण ते वर्षानुवर्षं देतो. ते नेमकं कुठं जाऊन लागतं, हे मला या परिषदेच्या तयारीत कळलं. ते परजीवीच्या तंतुकणिकेतल्या सायटोक्रोम बी या प्रथिनावर बसतं आणि इलेक्ट्रॉनांची वाट अडवतं. गायीच्या तंतुकणिकेतही हेच प्रथिन असतं, पण घडण थोडी निराळी, म्हणून गाय वाचते. गायीच्या तंतुकणिकेच्या स्वतःच्या जनुकसंचात १३ प्रथिनांची कृती लिहिलेली असते, आपल्याही. या परजीवीनं बाकी सगळं टाकून फक्त ३ ठेवली. त्या तिघांतलं एक म्हणजे हे सायटोक्रोम बी.

याचा जवळचा भाऊबंद मलेरियाचा प्लाझ्मोडियम. माणसाच्या तांबड्या पेशीत असताना तो ऊर्जा बहुतेक साखरेतूनच काढतो. मग त्याच्या तंतुकणिकेतली ही इलेक्ट्रॉनांची यंत्रणा बंद पाडली की तो मरतो का? अखिल वैद्य यांच्या फिलाडेल्फियातल्या गटानं २००७ साली दाखवलं, की त्या अवस्थेत यंत्रणा चालू ठेवायची ती मुख्यतः डीएनएसाठी लागणारा एक कच्चा माल बनवायला. यीस्टचं एक जनुक देऊन तो माल दुसऱ्या वाटेनं बनू दिला, तर ही यंत्रणा बंद पाडणारं अॅटोव्हाक्वोन हे औषध असूनही परजीवी जगला. आपण ट्रॅक्टर जागेवर उभा करून पट्ट्यावर मळणीयंत्र फिरवतो, त्यातलाच हा प्रकार. इंजिन धडधडतंय, पण गाडी ओढायला नव्हे.

आमांशाच्या एन्टामिबाची तऱ्हा याहून वेगळी. त्याच्याकडे तंतुकणिकेचं नुसतं टरफल उरलंय, मायटोसोम म्हणतात त्याला. ऊर्जा तिथं तयारच होत नाही.

आता दौंडकर म्हणतील, आमचं काय? पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी दौंडला थांबते, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागतं, गाडी उलट्या दिशेनं निघते. आफ्रिकेतल्या निद्रारोगाचा ट्रिपॅनोसोमा असंच करतो. त्सेत्से माशीच्या पोटात तो तंतुकणिकेवर चालतो. माणसाच्या रक्तात आला की साखर फक्त अर्धीकच्ची जाळून भागवतो. रक्तात साखरेला तोटा नाही, काटकसर कशाला करील? यवत-केडगावच्या गुऱ्हाळवाल्यांना हे चटकन पटेल.

त्याचाच आपल्याकडचा अवतार म्हणजे सर्रा रोगाचा ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी. ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्यानं १८८० साली डेरा इस्माईल खान इथं घोड्या-उंटांच्या रक्तात तो पाहिला. रोगाचं कारण तोच, हे वरिष्ठांना पटलं नव्हतं. शिरूरच्या जुन्या छावणीतही घोडदळ असायचं, म्हणून हे नाव इथं घ्यावंसं वाटलं. या जीवानं तंतुकणिकेच्या जनुकसंचाचा महत्त्वाचा भाग गमावलाय, त्यामुळे त्सेत्सेच्या पोटातलं आयुष्य त्याला बंद. तो चावऱ्या माश्यांच्या सोंडेला लागून एका जनावरातून दुसऱ्यात जातो. आता काही गाड्या कॉर्ड लाईननं दौंड स्टेशन टाळून जातात ना, तसा. माणसाला तो सहसा बाधत नाही, आपल्या रक्तातलं एपोएल-१ हे प्रथिन त्याला मारतं. पण २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात तो सापडला. त्या माणसाच्या शरीरात नेमकं तेच प्रथिन बनत नव्हतं. सुरामिन देऊन तो बरा झाला. जगाच्या वैद्यकीय नियतकालिकांत गाजलेली ही केस आपल्या महाराष्ट्रातली.

आणि एक कबुली. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या दोन गायी एकाच आठवड्यात तापल्या. औषध २० किलो वजनाला १ मिली, म्हणजे ४०० किलोच्या गायीला २० मिली. बाटली महाग. मी एकीचा डोस दोघींत वाटला, डॉक्टरांना न विचारता. एक उठली, एक गेली. तेव्हा वाटलं, नशीब. आज कळतंय, की अर्ध्या डोसात जे परजीवी तगतात त्यांच्यात सायटोक्रोम बी बदललेला एखादा असेल, तर पुढची फौज त्याचीच. ट्युनिशियात असे बदललेले परजीवी सापडलेत. नुसत्या तापावर, रक्ताची काच न तपासता सुई टोचायची सवय आपल्या दोन्ही तालुक्यांत आहे, आणि ती माझ्यासारख्यांनीच लावली.

म्हणून शास्त्रज्ञांना यजमान या नात्यानं एक विनंती. निबंध इंग्रजीत वाचा, हरकत नाही. पण दुपारच्या सत्रात आमच्या पशुवैद्यकांच्या शेजारी बसून डोस आणि काच यांवर मराठीत बोला. सूक्ष्मदर्शक आम्ही कॉलेजातून आणून ठेवलाय.

जेवणात मासवडी आणि भाकरी आहे. संध्याकाळी ज्यांना गोठा पाहायचाय त्यांनी साडेपाचला गेटाशी यावं. सहाला धार सुरू होते, त्यानंतर गायी अनोळखी माणसाला जवळ येऊ देत नाहीत. आणि परत आलात की चपला-पायजम्याच्या कडा एकदा झटकून घ्या, गोचीड माणूस ओळखून चढत नाही.