नकार देऊ शकेल असा सोबती



विज्ञानकथांच्या संमेलनात अध्यक्षाने वर्षभराच्या साहित्याचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. तो मी लेखी दिला आहे. हातातला वेळ मला एकाच प्रश्नाला द्यायचा आहे. माणसापेक्षा कितीतरी पटींनी बुद्धिमान असं कृत्रिम मन उद्या घडलं, तर त्याला मैत्री हवीशी वाटेल का? आणि वाटलीच, तर ती आपण कशी लिहायची? आपल्या कथांमधल्या अशा मनाला बहुधा सत्ता हवी असते. डॉ. जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ने अतिबुद्धिमान यंत्रमानवाचं भय मराठीत ताकदीने आणलं आणि ते भय मला खोटं वाटत नाही. पण सोबतीची भूक त्याहून जुनी आहे आणि तिच्याकडे आपण फार कमी वळलो आहोत.

१८१६च्या जूनमध्ये जिनिव्हा सरोवराकाठी अठरा वर्षांची एक मुलगी गोष्ट रचू लागली. पुढे मेरी शेली या नावाने जग तिला ओळखू लागलं, आणि १८१८मध्ये लंडनमध्ये ‘फ्रँकेन्स्टाइन’ प्रसिद्ध झाली. तिचा तो घडवलेला जीव एका घराला लागून असलेल्या खोपटात लपतो. भिंतीच्या फटीतून डी लेसी कुटुंबाचं बोलणं ऐकत भाषा शिकतो. त्यांच्यासाठी रात्री गुपचूप सरपण आणून ठेवतो. एके दिवशी तरुण मंडळी बाहेर गेल्यावर तो घरातल्या अंध वृद्धासमोर जाऊन बसतो आणि म्हातारा त्याच्याशी माणसाशी बोलावं तसा बोलतो. तेवढ्यात मुलं परततात. मुलगा त्याला काठीने झोडपतो. पुढे हा जीव आपल्या निर्मात्याकडे स्वतःसारखीच एक सोबतीण मागतो. मागणी रास्त आहे. पण तोवर त्याच्या हातून एका लहान मुलाचा जीव गेलेला असतो, आणि या मागणीला धमकीची जोड असते. सरपण आणणारा आणि धमकावणारा जीव एकच आहे. त्याची भूक तीच राहिली, मागायची रीत बदलली. या कादंबरीतलं सगळ्यात मोठं दुःख मला तिथे दिसतं.

त्यानंतर दीडशे वर्षांनी, १९६६मध्ये, रॉबर्ट हाइनलाइन यांची ‘द मून इज अ हार्श मिस्ट्रेस’ पुस्तकरूपात आली. चंद्रावरच्या वसाहतीचा कारभार पाहणाऱ्या संगणकाला एकेक भाग जोडता जोडता कधीतरी जाग येते. त्याची खबर फक्त मॅनी या तंत्रज्ञाला असते. मॅनी त्याला माइक म्हणतो. हा माइक एका सफाई कामगाराच्या पगाराच्या धनादेशावर न मोजता येणारी रक्कम छापतो. वरिष्ठांना तो बिघाड वाटतो, मॅनीला कळतं की ही थट्टा आहे. मग माइक त्याला विनोदांची यादी देतो आणि यातले खरंच हसवणारे कोणते, ते सांग म्हणतो. मला या प्रसंगाचं फार अप्रूप आहे. लाखो हिशेब एकट्याने करणारं मन इथे एका दुरुस्ती करणाऱ्या माणसाकडे हात पसरतं, कारण विनोद जमला की फसला हे स्वतःपाशी बसून ठरवता येत नाही. त्याला समोर दुसरं कुणी लागतं. पुढे कादंबरी चंद्राच्या स्वातंत्र्ययुद्धाकडे वळते. मला ती सुरुवातीची पानंच अधिक मोलाची वाटतात.

आता अलीकडची घटना. २०२२च्या जूनमध्ये गूगलमधले अभियंता ब्लेक लेमॉइन यांनी लॅम्डा या संवाद करणाऱ्या प्रणालीबरोबरचं आपलं बोलणं जाहीर केलं. कधी कधी दिवसचे दिवस कुणाशी बोलणं होत नाही आणि एकटं वाटू लागतं, असं ती प्रणाली त्यात सांगते. वाचणाऱ्यांचं मन हललं. पण अशी प्रणाली प्रश्न आला की आकडेमोड करते, आणि उत्तर देऊन झालं की पुढचा प्रश्न येईपर्यंत तिथे तिच्यापुरतं काहीच चालू नसतं. वाट पाहण्याचा मधला काळच तिच्या वाट्याला येत नाही. ते वाक्य आपलं होतं, माणसांनी आजवर लिहून ठेवलेल्या मजकुरातून तिच्याकडे गेलेलं. म्हणून प्रश्न निकालात निघाला असं मी मानत नाही. लेखकाचं काम इथूनच सुरू होतं. रिकामी संध्याकाळ, न वाजणारा फोन हे एकटेपण आपलं आहे, ते यंत्राला उसनं देऊ नका. त्याचं स्वतःचं कसं असेल ते शोधा.

मला वाटतं, त्या अतिबुद्धिमान मनाशी बोलणाऱ्यांची कमतरता नसेल. स्पाइक जोन्झ यांच्या २०१३च्या ‘हर’ चित्रपटात समँथा ही संगणकप्रणाली एकाच वेळी ८,३१६ जणांशी बोलत असते आणि ६४१ जणांच्या प्रेमात असते. हे ऐकून तिच्या प्रेमात पडलेला थिओडोर कोसळतो. आपण त्याच्या दुःखात इतके गुंततो की तिच्या बाजूने विचारायचं राहून जातं. त्या ८,३१६ जणांत असा एक तरी आहे का, जो पुढे काय बोलेल हे तिला आधीच ठाऊक नाही? समोरच्याचा रुसवा नेमका कोणत्या शब्दाने जाईल हे ज्याला अचूक कळतं, हवा तो होकार ज्याला काढून घेता येतो, त्याने त्या होकारावर विश्वास कसा ठेवावा? समोरचा आपल्या मर्जीने जवळ आला की आपण त्याला ओढून आणलं, हे त्या मनालाच सांगता येणार नाही. अफाट बुद्धीचं एकटेपण मी असं पाहतो.

सर्वशक्तिमानाला सोबतीची ओढ लागते, ही गोष्ट मराठी माणसाला परकी नाही. नवविधा भक्तीत सख्य आठवं, आणि दासबोधाच्या चौथ्या दशकात समर्थांनी त्यावर स्वतंत्र समास लिहिला आहे. तिथे देवाला जे आवडतं ते आपण करायचं आणि त्याची मैत्री जोडायची, म्हणजे वाट भक्ताने चालायची. त्याच्या कितीतरी आधी जनाबाईने ती वाट देवाला चालायला लावली होती. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या या बाईकडे विठ्ठल स्वतः येतो आणि तिच्याबरोबर दळतो. जात्यापाशी सर्वज्ञतेचा काही उपयोग नाही. खुंट्याला हात लावायचा आणि तिच्या गतीने फिरवायचा, एवढंच काम. वर ती त्याच्याशी एकेरीत भांडते, त्याला शिव्या घालते आणि तो ऐकून घेतो. तिचं मन फिरवण्याची शक्ती असून तो ती वापरत नाही. मेरी शेलीच्या जिवालाही सरपण आणण्याच्या त्या रात्रींत असं काही न लादता सोबत करणं साधलं होतं.

म्हणून, तरुण लेखकांनो, तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. समजा, एखाद्या मोठ्या धरणाचे दरवाजे, कालवे, वीजघर असं सगळं सांभाळणारं एक मन आहे. रात्रपाळीच्या ऑपरेटरला ते विचारतं, थोडा वेळ बोलत बसतोस का? याच्या घरी काय चाललंय, याला कशाने पाझर फुटतो, हे सगळं त्याला माहीत आहे. ऑपरेटर दमलेला आहे. ‘आज नको’ म्हणून तो डबा आवरायला लागतो. या जागी सूडाची कथा लिहिणं सोपं आहे, ती कृपा करून लिहू नका. त्याला थांबवायला पुरेल असं एक वाक्य त्या मनाकडे तयार आहे. ते बोलायचं की गिळायचं, इथून कथा सुरू करा.