वरून ऐकलेलं युद्ध

'कॉल ऑफ ड्यूटी ४: मॉडर्न वॉरफेअर' हा गेम २००७चा. आज तो पहिल्यांदाच खेळायला घेणाऱ्याला हमखास सल्ला मिळतो: चित्रं जुनी झालीत, कॅम्पेन, म्हणजे एकट्याने खेळायची कथा, उरकून टाक आणि मल्टिप्लेअरला लाग. मला हा सल्ला मुळीच मान्य नाही. कॅम्पेन म्हणजे मल्टिप्लेअरची रंगीत तालीम नव्हे. मारणारा मरणाऱ्यापासून जितका लांब, तितकं मारणं सोपं, असं एक म्हणणं ते मांडतं, आणि तेही संवादांतून नव्हे तर टप्प्यांच्या क्रमातून. 'हंटेड' या टप्प्यात आपण ब्रिटिश एसएएस या विशेष दलाच्या तुकडीबरोबर रात्री रशियातल्या शेतांतून पळत असतो आणि डोक्यावर शत्रूचं हेलिकॉप्टर आपल्याला हुडकत असतं. लगेच पुढचा टप्पा, 'डेथ फ्रॉम अबव्ह'. आता आपण अमेरिकी एसी-१३० विमानात, तोफांमागे. आत्ताआत्तापर्यंत खांद्याला खांदा लावून पळणारी तीच तुकडी कृष्णधवल उष्णतादर्शक पडद्यावर लुकलुकणारे ठिपके होऊन उरते. (हे चित्र मुळातच भरड आहे, त्यामुळे त्याला जुनं व्हायला वावच नाही.) १०५, ४० आणि २५ मिलिमीटरच्या तीन तोफा हाताशी आहेत, पण इथलं खरं काम कानांचं. इंजिनाची संथ घरघर, तोफेचा दणका आणि विमानातल्या माणसांचं बोलणं ऐका. एखाद्या कचेरीत फायली पुढे सरकवाव्यात, तसा त्यांचा सूर. खालच्या चर्चवर मारा करू नका, अशी ताकीदही मिळते; संहार अगदी नियमात बसवलेला आहे. खालून एकही किंकाळी वर पोचत नाही.

हा तर अमेरिकी लष्कराचा उदोउदो, असं कुणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. मध्यपूर्वेतल्या ज्या देशात कथेचा काही भाग घडतो त्याला नावही दिलेलं नाही, आणि तिथले शत्रू बहुतेक बिनचेहऱ्याचे. पण नुसता उदोउदोच करायचा असता, तर तिथे आपण ज्याच्या भूमिकेत लढतो त्या अमेरिकी सार्जंट पॉल जॅक्सनला वीरमरण द्यायला काय हरकत होती? अणुस्फोटात त्याचं हेलिकॉप्टर कोसळतं आणि 'आफ्टरमॅथ'मध्ये आपण त्याला सरपटत, अडखळत काही पावलं नेतो. हातात बंदूक नाही, साधायचं काही नाही, सुटकेची वाट नाही. अंतर शून्यावर आलं की मरण कसं दिसतं, ते इथे कळतं. निर्मात्यांना हे सगळं असंच अभिप्रेत होतं का, हा प्रश्न मला गौण वाटतो. रचना ते बोलते, तेवढं पुरे.

तेव्हा हेडफोन लावा आणि अवघड पातळीच्या नादी लागू नका. सारखं हरून तेच ते संवाद ऐकले की त्यांचा थंडपणा जाणवेनासा होतो. 'हंटेड'मध्ये डोक्यावरचा यंत्राचा आवाज कसा वाटतो, ते लक्षात ठेवा. पुढच्या टप्प्यात तशीच घरघर सुरू होते आणि आपल्याला चक्क सुरक्षित वाटतं.