गांडूळ नाही, मण्यारचं पिल्लू नाही, हा तर वाळा!

मी म्हसावदहून बोलतोय. शहाद्याहून तोरणमाळला जाताना सातपुड्याच्या पायथ्याशी लागतं ते आमचं गाव.

पाऊस सुरू झाला की मोबाईलवर एक फोटो हमखास येतो. मोरीत सापडलेला, काळपट, वीतभर लांबीचा साप. खाली लिहिलेलं असतं, ‘मण्यारचं पिल्लू, सावध राहा!’ फोटोतला साप बहुतेक वेळा मेलेलाच असतो. कुणी चपलेनं मारलेला, कुणी रॉकेल टाकून. आणि खूपदा तो मण्यार नसतोच. तो असतो वाळा.

वाळा जाडीला बुटाच्या नाडीएवढा. अंगावर तेल चोपडल्यासारखी चमक. राहतो पाचोळ्याखाली, कुजक्या लाकडाखाली, शेणखतात, कुंडीतल्या मातीत. उसाचं पाचट, केळीच्या बागेतली ओल, जंगलातला सागाचा पालापाचोळा, सगळं त्याच्या सोयीचं. डोळे म्हणजे खवल्याखाली दोन बारीक ठिपके, त्यांना उजेड आणि अंधार तेवढा कळतो. जोराचा पाऊस झाला, जमिनीत पाणी भरलं की तो वर येतो आणि मोरीच्या पाइपातून घरात शिरतो.

खातो काय? मुंग्यांची आणि वाळवीची अंडी, अळ्या, कोष. विष नाही, आणि तोंड इतकं छोटं की माणसाला चावणं त्याला जमतच नाही. हातात धरला तर शेपटीचं टोक टोचतं. लोक म्हणतात, ‘नांगी मारली.’ पण तो साधा काटा असतो, मातीत जोर लावायला. आणि ‘कानात शिरतो’ म्हणाल, तर त्याला ओल हवी असते आणि मुंग्यांचं वारूळ. तुमच्या कानाशी त्याला काय देणंघेणं?

आता गंमत ऐका. या जातीत नर सापडतच नाही. सगळ्या माद्याच! नराशिवायच ती अंडी घालते, आणि त्यातून पुन्हा माद्याच निघतात. म्हणजे कुंडीच्या मातीतून एक मादी जरी परगावी गेली, तरी तिथे वंश सुरू. असंच करत ही जात रोपांच्या मातीतून जगभर पोचली. अंटार्क्टिका सोडलं तर सगळ्या खंडांवर आहे. 1803 साली दोदँ नावाच्या फ्रेंच अभ्यासकानं तिला शास्त्रीय नाव दिलं. जमिनीवरच्या सापांत जगात सगळ्यात जास्त पसरलेला साप म्हणजे हा आपल्या मोरीतला वाळा!

मग ओळखायचा कसा? गांडुळाच्या अंगावर वळ्या असतात आणि ते बुळबुळीत असतं. वाळ्याला गुळगुळीत खवले असतात आणि नीट पाहिलं तर इवलीशी जीभ आतबाहेर होताना दिसते. मण्यारच्या पिल्लाच्या काळ्या अंगावर पांढरे पट्टे असतात. वाळ्यावर एकही पट्टा नाही.

पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ‘छोटा आहे म्हणजे बिनविषारी’ असं अजिबात नाही. फुरशाचं पिल्लूही वीतभरापेक्षा लहान असतं, आणि ते जन्मापासून विषारी असतं. म्हणून हात लावायचा नाही. लांबूनच मोबाईलवर झूम करून फोटो काढा आणि ओळखीच्या सर्पमित्राला पाठवा. खात्री झाली की वाळ्याला झाडूनं सुपलीत घ्या आणि बांधावरच्या पाचोळ्यात सोडा. बस.

हे सगळं का सांगतोय? 2000 ते 2019 या 20 वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे 12 लाख माणसं गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. वर्षाला साधारण 58 हजार. त्यातली बहुतेक खेड्यातली. म्हणजे भीती खोटी नाही, आपण ती चुकीच्या जागी खर्च करतो. मोरीतल्या वाळ्यामागे चप्पल घेऊन धावतो, आणि रात्री जमिनीवर अंथरूण टाकून बिनधास्त झोपतो. मण्यार चावते ती बरेचदा अशा झोपेतच, आणि तिचा दंश कळतही नाही.

तेव्हा खाटेवर झोपा, मच्छरदाणी नीट खोचा, रात्री बाहेर पडताना मोबाईलची टॉर्च लावा. कुणाला साप चावलाच, तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. झाडपाल्यात आणि मंत्रात वेळ घालवायचा नाही. धीर द्या, चावलेला हात-पाय हलू देऊ नका, 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं थेट सरकारी दवाखान्यात न्या. सापाच्या विषावरचं इंजेक्शन तिथे मिळतं.

आणि पुढच्या वेळी ग्रुपवर तो फोटो आला, तर फॉरवर्ड करण्याआधी अंगावर पट्टे आहेत का बघा. नसतील आणि बाकी खुणा जुळल्या, तर खाली लिहा, ‘हा वाळा दिसतोय, मारू नका, सर्पमित्राला विचारा.’ एवढं केलंत तरी आजचा एपिसोड कामी आला. चला, भेटू पुढच्या भागात!