वारीला निघताना दुसरा जोड कोणता घ्यावा?

(भोकरदन येथील शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी कृषिविद्या हा विषय शिकवतो. कपाशी, मका आणि सोयाबीनच्या पेरणीविषयी जे सांगायचे होते ते सांगून झाले. आता उरलेली दहा मिनिटे मी तुमच्या पायांसाठी मागून घेतो. समोर बसलेल्यांपैकी बरेच जण शेत घरच्यांवर सोपवून आषाढीला पायी निघतील. परत येतील तेव्हा खुरपणी, कोळपणी आणि मिरचीची तोडणी वाट पाहत असेल. पाय जायबंदी झाला, तर ऐन हंगामात घरातला एक माणूस कमी होतो.

हे मी घरच्या अनुभवावरून सांगतो. माझ्या वडिलांना साखरेचा आजार आहे. तीन वर्षांपूर्वी ते दिंडीबरोबर गेले. बीडच्या पुढे पाऊस लागला, चामड्याची चप्पल भिजून फुगली आणि तिचा अंगठा निघाला. त्यांच्याजवळ दुसरा जोड होता, पण तो सामानाच्या ट्रकमध्ये होता आणि ट्रक मुक्कामी पुढे गेलेला. राहिलेला टप्पा ते अनवाणी चालले. बाभळीचा काटा तळव्यात मोडला, तो त्यांना कळलाही नाही. दुसऱ्या दिवशी ट्रकमधला जोड घातला, तो नवा कोरा. त्याने करंगळीला फोड आणला. पंढरपूरला पोहोचेपर्यंत पाय सुजला होता. पुढे करंगळी काढावी लागली आणि त्या हंगामातली सारी कामे मजुरांकडून करून घ्यावी लागली.

या प्रसंगातून मी तीन गोष्टी शिकलो. दुसरा जोड वापरून रुळलेला असावा, पहिल्यापेक्षा वेगळ्या बांधणीचा असावा आणि तो खांद्यावरच्या पिशवीत असावा.

रुळलेला का?

भोकरदन ते पंढरपूर हे अंतर ३०० किलोमीटरहून अधिक आहे. दिवसाचा टप्पा २० किलोमीटरचा आणि एक पाऊल सव्वादोन फुटांचे धरले, तर दिवसाला तीस हजारांच्या आसपास पावले पडतात. म्हणजे एकेका पायाची पंधरा हजार. पट्टा जिथे घासतो तिथे तो दिवसात पंधरा हजार वेळा घासतो. नव्या पट्ट्याची कड बोथट झालेली नसते, म्हणून कातडी सोलते.

आपण बियाणे पेरण्याआधी पोत्यावर शंभर दाणे मांडून उगवण तपासतो. नांग्या भरण्यासाठी राखून ठेवलेले बियाणेही तपासलेलेच लागते. दुसऱ्या जोडाचेही तसेच आहे. निघण्याच्या महिनाभर आधी तो आणावा, रोज शेतात जाता-येता घालावा आणि एकदा तोच घालून राजूरच्या गणपतीला पायी जाऊन यावे. आपल्याकडे चतुर्थीला राजूरला चालत जाणारे पुष्कळ आहेत. त्या वाटेवर जो जोड चावला, तो पंढरपूरच्या वाटेवर नेऊ नये. मात्र झिजलेली जुनी चप्पलही दुसरा जोड म्हणून बरोबर घेऊ नये. टाच एका बाजूने झिजली असेल तर पाऊल वाकडे पडते आणि गुडघा व कंबर धरते.

खरेदी संध्याकाळी करावी. दिवसभराच्या कामाने पाय थोडा फुगलेला असतो, वारीतही तो तसाच फुगतो. बूट असेल तर उभे राहिल्यावर बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा राहिली पाहिजे. भगिनींनी जोडवी घालूनच माप पाहावे. सुजलेल्या पायात जोडवी रुतत असतील, तर प्रवासापुरती काढून ठेवणे चांगले.

वेगळ्या बांधणीचा का?

दोन्ही जोड एकाच प्रकारचे असतील, तर दोन्ही एकाच जागी घासतात. मग जोड बदलूनही दुखऱ्या जागेला विसावा मिळत नाही. म्हणून अंगठ्याची चप्पल नेहमीची असेल, तर दुसरा जोड मागे पट्टा असलेल्या सँडलचा घ्यावा. कापडी बूट नेहमीचे असतील, तरीही दुसरा जोड सँडलचाच बरा.

चामडे हवा खेळती ठेवते आणि पायाच्या आकाराचे होते. मात्र ते भिजले की ताणते, आणि उन्हात किंवा चुलीजवळ वाळवले की कडक होऊन तडकते. ते सावलीत वाळवून एरंडेलाचा हात द्यावा. कापडी बूट डांबरी रस्त्यावर सुखाचे, पण एकदा भिजले की पावसाळी हवेत लवकर वाळत नाहीत. रबरी स्लीपर हलकी आणि लगेच कोरडी होते, म्हणून आंघोळीला व मुक्कामावर ती चालेल. दिवसभराच्या चालीला ती नको, कारण ती निसटू नये म्हणून बोटे सतत आवळून धरावी लागतात आणि पोटऱ्या भरून येतात.

तळ पाहताना आपली जमीन आठवावी. काळ्या जमिनीतील चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि चिकटते. खोल नक्षीच्या तळात ती भरून राहते व प्रत्येक पावलाला वजन वाढते. गुळगुळीत तळ ओल्या डांबरावर घसरतो. म्हणून मध्यम खोलीची, मोकळ्या रेघांची नक्षी निवडावी. चिकटपट्टीचे बंद चिखलाने भरले की धरत नाहीत; बक्कल टिकते.

पिशवीतच का?

ट्रक मुक्कामी भेटतो, चप्पल मात्र वाटेत तुटते. हलका जोड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून झोळीत ठेवावा. दुपारच्या विसाव्याला पाय धुऊन, बोटांच्या फटी कोरड्या करून जोड बदलावा. त्यामुळे चिखल्या होत नाहीत आणि पहिला जोडही वाळतो. सोबत दाभण, मेणाचा दोरा, चार चुका आणि दोन सेफ्टी पिना ठेवाव्यात. आळंदी-देहूच्या मोठ्या पालख्यांच्या वाटेवर चपला सांधून देण्याची सेवा करणारे भेटतात. लहान दिंडीने त्या भरवशावर राहू नये. दोन्ही जोडांना ओळखीचा रंगीत दोरा बांधावा. पंढरपुरात मंदिराबाहेर आणि चंद्रभागेच्या वाळवंटात चपलांची अदलाबदल फार होते, तेव्हा झोळीतला जोडच कामी येतो.

कातडी चुरचुरू लागली की तिथेच थांबून चिकटपट्टी लावावी. फोड आला तर फोडू नये. साखरेचा आजार असणाऱ्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना पाय दाखवावेत, रोज संध्याकाळी तळवे आरशात पाहावेत किंवा सोबत्याला पाहायला सांगावे, आणि अनवाणी चालू नये. धनुर्वाताची लस सर्वांनीच वेळेवर घेतलेली असावी. काहींचा अनवाणी चालण्याचा नवस असतो, त्याचा मी आदर करतो. त्यांनीही एक जोड झोळीत ठेवावा. तो लागला नाही तर उत्तमच.

वाहतुकीच्या बैलांना आपण नाल मारल्याशिवाय डांबरी रस्त्यावर काढत नाही. स्वतःच्या पायाची तेवढी काळजी घेणे काही अवघड नाही.

माझे वडील यंदाही निघणार आहेत. डॉक्टरांनी चारच मुक्कामांची परवानगी दिली आहे. महिनाभरापासून ते सँडल घालून शेतात जातात आणि झोळी मी स्वतः तपासून देणार आहे. तुम्हीही घरी गेल्यावर आपली झोळी एकदा तपासा.